बिनदाराचा मनोरा

या जावईबापू, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. इकडं भट्टीजवळ या, ऊब आहे. आता या घरची मुलगी केलीत, तर एक गोष्ट ऐकून घ्या. तुमच्या बायकोनं सांगितली नसेल. तुमच्या सासऱ्यांनी तर नाहीच नाही, ते मेले तरी सांगायचे नाहीत. आमच्या घरानं अख्ख्या जगाला वर्षानुवर्षं गंडवलं. मुद्दाम नाही हो, नकळत. आणि जग एवढं हुशार की त्याला अजून पत्ता नाही. ऐकाल तर हसाल, आणि मग जरा हसू थांबेल. सांगतो.

धंदा तुम्ही बघताच आहात. जगात नावाजलेली जेवढी ठिकाणं आहेत ती आम्ही बोटाएवढी, फार तर वीतभर करून विकतो. पिरॅमिड म्हणजे आमची सुट्टी. चार बाजू कानशीनं घासल्या की मोकळं. कोलोसियम मला फार आवडतं, ते मुळातच पडकं. ओतताना कड तुटली तरी परत येत नाही. नाक फुटलेला तो स्फिंक्सही तसाच, त्याच्या नाकाची काळजी नाही. आयफेलनं मात्र छळ मांडलाय. त्या जाळीत कथील धड उतरत नाही, मग मधूनच एखादा लंगडा निघतो. ती मशालवाली बाई साच्यातून ओढताना हातासकट मशाल देऊन टाकते. चीनची भिंत कुणी मागितली की मी विचारतो, किती देऊ? कापडासारखी. कुठूनही कापा, सारखीच.

आणि यातलं आमच्यापैकी कुणीही, काहीही बघितलेलं नव्हतं. बघून करायचंय काय? तिथं जाणारे तरी कुठं बघतात? एवढ्या लांब जायचं, रांगेत पाय मोडेस्तोवर उभं राहायचं, आणि नंबर लागला की त्या वस्तूकडं पाठ करून स्वतःचा फोटो काढायचा. पाठ करायला घरची भिंत काय वाईट होती? मग बाहेर येऊन आमचा कथलाचा तुकडा घ्यायचा, घरी टीव्हीवर ठेवायचा, त्याच्यावर धूळ बसली की म्हणायचं, आम्ही तिथं जाऊन आलो. जाऊन आलात खरं. पण तिथं होतात का?

असो. मी तापतो. गोष्ट सांगायची राहील.

तेव्हा काम असं वाटलेलं होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, नमुना करायचे. नमुना म्हणजे पहिली वस्तू, हातानं घडवलेली. खाली कारखान्यात खिडकीजवळ त्यांचं टेबल होतं. उजेड डावीकडून येईल असं लावलेलं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नमुन्यावरून आमची बहीण, ताई, रबराचा साचा कापायची. ताई सासर सोडून का आली ते आत्ता उगाळत नाही. आली आणि दुसऱ्या दिवशी अण्णांच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली, ती तिथलीच झाली. साच्यात कथील ओतायचो मी. आणि आमचा दादा, म्हणजे तुमचे सासरे, वर कचेरीत बसून फोनवर बोलायचे. त्यांचं तोंड हेच त्यांचं हत्यार.

तर त्या साली दादा आणि वहिनी जग बघायला गेले. जग म्हणजे युरोप. दादाचं म्हणणं, आपण ज्याचा धंदा करतो ते एकदा डोळ्यांनी बघायला हवं. अण्णा म्हणाले, "जा. मी चित्रावरून भागवतो."

परत आले त्या रविवारी दादानं सगळ्यांना वर जेवायला बसवलं आणि समोर टीव्हीवर फोटो लावले. दार बंद, पडदे ओढलेले. पळायला वाट नाही.

"हा मी आणि आयफेल," दादा म्हणाला.

अण्णांनी चष्मा वर केला. "तू कळलास. आयफेल कुठाय?"

"माझ्या मागं काय, अण्णा!"

"जरा बाजूला सरकला असतास तर त्यालाही फोटोत घेता आलं असतं."

ताईनं घास तोंडात कोंबला. हसू दाबायची तिची ती रीत. दादानं पुढचा फोटो लावला. दादा आणि कारंजं. दादा आणि पूल. दादा आणि कसलंसं देऊळ, त्यात देवळाचा फक्त कळस, तोही दादाच्या टकलातून उगवलेला. वहिनी एकाही फोटोत नाही. मी विचारलं, "वहिनी, तू गेली होतीस ना बरोबर?"

"फोटो कुणी काढले मग?" वहिनी म्हणाली आणि भांडी सारखी करायला लागली.

मग तो कललेला मनोरा आला, पिसाचा. आमचा सगळ्यात चालणारा माल. सगळे फोटो एकाच सोंगाचे. दादा दोन्ही हात पुढं करून मनोऱ्याला टेकू देतोय. हात सरळ, पाय फाकलेले, चेहरा कळ काढल्यासारखा. आणि दादा एकटा असता तर ठीक. मागं, बाजूला, अख्ख्या मैदानात माणसंच माणसं, आणि सगळ्यांचे हात वर. जणू हवेत एक भिंत आहे आणि सगळे तिला चुना लावतायत.

"यांना काय झालंय?" अण्णांनी विचारलं.

"टेकू देतायत, अण्णा. गंमत असते ती."

"मग पडला का नाही अजून?"

आता ताईला घास पुरेना. ती पदराआड गेली.

दादानं टेकूचा तो फोटो टीव्हीवर तसाच ठेवला आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "हसून घ्या. अण्णा, हे तुमच्यासाठी. खास तिथून. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक म्हातारा विकत होता. घासाघीस करून त्याला अगदी रडवला, तेव्हा दिलं. खरं तिथलं आहे बरं का, इकडं मिळत नाही."

अण्णांनी कागद सोडला. वीतभर मनोरा, तांब्याचा मुलामा. अण्णांनी तो नाकाशी धरला, मग उलटा केला. नमुना पुरा झाला की अण्णा तळाला मेण लावून त्यात अंगठ्याचं नख रुतवायचे. नखाची चंद्रकोर मग प्रत्येक ओतीव मालावर यायची. ती कोर तिथं होती.

अण्णांनी आपला अंगठा त्या कोरीत बसवून बघितला. त्यांनी मनोरा ताईकडं दिला. ताईनं तळ बघितला आणि माझ्याकडं दिला. मी बघितला, आणि काय सांगू जावईबापू, तोंडातलं पाणी नाकातून आलं. तो मनोरा याच घरात मी ओतलेला होता.

"परवाच गेला होता इथून," अण्णा हळूच म्हणाले. "एवढा प्रवास केला, लगेच परत. दमला असेल बिचारा. पाणी द्या कुणीतरी त्याला."

त्यानंतर जे हसणं सुटलं ते सांगता येत नाही. ताईला उचकी लागली. वहिनीही हसली, तोंड फिरवून. दादा तेवढा बसून राहिला, तोंडात मारल्यासारखा. आता तुमचे सासरे वाईट माणूस नाहीत, पण एक आहे, त्यांच्यावर हसलेलं त्यांना पचत नाही. लहानपणापासून. हसलं की चावतात.

"झालं हसून?" दादा म्हणाला. "मग आता कामाचं बोलू. मी तिकडं लोकांना भेटलो. सगळीकडं नमुने यंत्रावर होतात. फोटो द्यायचा, चार दिवसांत नमुना हातात. रेघ ना रेघ बरोबर. आपणच अजून कानस घेऊन बसलोय. खाली खिडकीजवळची जागा मला हवी. तिथं काचेचं दालन करू, गिऱ्हाईक येईल, बघेल. अण्णांनी आता आराम करावा."

"कोण म्हणतं आराम करावा?" ताईची उचकी थांबली.

"त्यांचा हात म्हणतो. हात थरथरतो त्यांचा. दिसतं सगळ्यांना, बोलत कुणी नाही."

अण्णांचा उजवा हात ताटाशेजारी होता. तो त्यांनी उचलला आणि टेबलाखाली, मांडीवर ठेवला. तेवढंच. पण मी बघितलं.

"अण्णांचा थरथरता हात तुझ्या धड हातापेक्षा बरा आहे," ताई म्हणाली. "तुझा हात कशाला उपयोगी पडलाय? न पडणाऱ्या मनोऱ्याला धरायला!"

"तू गप. तुझं टेबल जाईल म्हणून तुझ्या पोटात गोळा आलाय."

"आलाय. मग? मला दुसरं कुठं बसायला आहे?"

दादा माझ्याकडं वळला. "तू सांग रे. तुला यंत्राचा नमुना चालेल ना? ओतायला काय फरक?"

मी म्हणालो, "मला फरक नाही. कथलाला विचारावं लागेल." ही माझी नेहमीची पळवाट. भांडण लागलं की मी कथलाच्या बाजूनं बोलतो.

तेवढ्यात वहिनी बोलली. ती मघापासून तो मनोरा हातात घेऊन बसली होती. "याला दार नाही," ती म्हणाली.

"काय?" दादा म्हणाला.

"अण्णा, या मनोऱ्याला दार नाहीये. खालचा मजलाच नाही. तिथं खाली मोठा मजला आहे, बंद कमानींचा, आणि त्याला दार आहे. मी त्या दारातून आत गेले होते."

"तू कधी गेलीस?"

"तुम्ही टेकू देत होतात तेव्हा."

आता हे तुमच्या सासूबाईंनी मला नंतर सांगितलं ते मधेच सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. सगळा प्रवास त्यांनी दादाच्या फोनमागं उभं राहून केला होता. डावीकडं सरक, खाली वाक, आता बघ बरं मनोरा माझ्या तळहातावर बसला का? नाही बसला, पुन्हा. त्या मैदानात असं बराच वेळ चाललं, तेव्हा वहिनीनं फोन शेजारच्या एका अनोळखी बाईच्या हातात दिला, म्हणाली आलेच, आणि सरळ मनोऱ्यात शिरली. एकटी. वर गेली. वरून खाली बघितलं तर सगळं मैदान हात वर केलेल्या माणसांनी भरलेलं, हवा ढकलणारं, आणि त्यात आपला नवरा कोणता ते ओळखूच येईना. वहिनी तिथं एकटीच हसली, पोट धरून. आणि ते हसू कुणाला न सांगता घेऊन आली. त्या प्रवासातून तिनं स्वतःसाठी आणलेलं तेवढंच. दार नाही हे ती बोलली ते अण्णांना खिजवायला नव्हे. तिला फक्त सांगायचं होतं की मी आत गेले होते.

पण दादाच्या हातात आयतं कोलीत मिळालं.

"बघा!" तो उठूनच उभा राहिला. "बघा! एवढी वर्षं आपण मजला खाल्लेला माल विकतोय! एक अख्खा मजला! आणि म्हणे अण्णांचा हात. हातच काय, डोळे पण!"

वहिनीचा चेहरा पडला. "मी तसं नाही म्हटलं."

"म्हटलंस ते बरं केलंस!"

अण्णा मात्र टीव्हीकडं बघत होते. तो फोटो अजून तसाच होता. "मी केला तेव्हा असंच चित्र होतं माझ्याकडं," ते म्हणाले. "खाली माणसंच माणसं, हात वर केलेली. मनोरा त्यांच्या डोक्यावरून सुरू होत होता. मी म्हटलं, जेवढा दिसतो तेवढा करावा. माणसांच्या मागं काय आहे ते मला कसं दिसणार?" मग ते उठून टीव्हीजवळ गेले आणि बोट ठेवलं. "दार इथं आहे का गं?"

वहिनीनं वाकून बघितलं. "हो. इथंच."

तिथं दादाचं पोट होतं.

दादानं झपाझप सगळे फोटो फिरवले. टेकू देणारा दादा, उडी मारणारा दादा, मनोरा काखोटीला मारलेला दादा. एकाही फोटोत दार नाही. प्रत्येक ठिकाणी दाराच्या जागी दादा. ताई म्हणाली, "अण्णांनी नकळत झाकलं, तू तिकीट काढून झाकलंस." दादानं टीव्ही बंद केला.

अण्णा परत खुर्चीत बसले. हात आता टेबलावर होता, थरथरत होता, पण लपवलेला नव्हता. "असं करू," ते म्हणाले. "मी दार करतो. खालचा मजला करतो. नवा माल तिकडं जाऊ दे. चालला, तर टेबल माझं, मी आहे तोवर. नाही चालला, तर मी आपला उठतो. मग तू तिथं काच लाव, नाहीतर आरसा लाव."

दादाला वाटलं, या हातानं दार होणं शक्य नाही. तो म्हणाला, "ठरलं." वहिनीकडं बघून हसलाही. वहिनी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवतोय तर वहिनी जिना उतरून खाली आली. लग्न होऊन आल्यापासून ती कारखान्यात पाऊल टाकायची नाही, धुराचा वास साडीला लागतो म्हणून. त्या दिवशी येऊन अण्णांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली.

"विचारा, अण्णा."

"दार केवढं?"

"माणूस सहज जाईल एवढं. वर अर्धगोल. बाजूला दगडात जनावरं कोरलीत."

"कसली जनावरं?"

"अस्वलासारखं एक. दुसरं काय ते नाही कळलं. मला पण घाई होती."

"आत गेल्यावर?"

"पायऱ्या. गोल गोल. मधे झिजून खळगे पडलेत. आणि चढताना मनोरा कधी भिंतीवर लोटतो, कधी बाहेर ओढतो. दारू प्यायल्यासारखं होतं."

"वहिनी," ताई म्हणाली, "तुला काय ठाऊक दारू प्यायल्यावर कसं होतं?"

"तुझ्या भावाला धरून घरी आणलंय मी. मनोऱ्यापेक्षा जास्त कलतो."

मग रोजच असं. अण्णा विचारायचे, वहिनी डोळे मिटून आठवायची, ताई कोरायची. अण्णांच्या हाताला जमेल ते अण्णा करायचे, नाही जमलं की कानस ताईच्या हातात द्यायचे. वहिनी कधी चुकायची, मग कोरलेलं पुन्हा भरायचं. वर दादा जेवणाची वाट बघत बसायचा आणि जिन्यातून ओरडायचा, "अगं, घर आहे का धर्मशाळा?" वहिनी खालून ओरडायची, "दाराचं काम चाललंय!"

झाला तो मजला. मी एवढी वर्षं ओततोय, पण तसं काम हाताखालून गेलं नाही. दार उघडं ठेवलं होतं अण्णांनी, आत नखाएवढा अंधार दिसायचा. जुना नमुना त्यांनी त्या मजल्यावर बसवला आणि डाख देऊन कायमचा जोडून टाकला. आणि ताईला सांगितलं, जुने रबरी साचे कापून टाक. ताई म्हणाली, "राहू द्यात की, एखादा." अण्णा म्हणाले, "ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं. आता कशाला?" ताईनं तुकडे केले.

माल गेला. मग तिकडच्या आमच्या दलालाचा फोन आला, मूळचा इकडचाच, मनोऱ्याजवळ दुकान थाटून बसलेला. जेवायच्याच वेळी. दादानं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"हे काय पाठवलंत?" दलाल म्हणाला.

"मनोरा," दादा म्हणाला. "सुधारलेला."

"परत पाठवतोय. खपत नाही. लोक म्हणतात हा तो नव्हेच. बाकीच्या दुकानांत वेगळा आहे, इथं वेगळा. नकली वाटतो म्हणतात."

वहिनी फोनवर वाकली. "अहो, हाच खरा आहे. याला दार आहे."

"कोण बाई बोलताय?"

"जी दारातून गेली ती. तुमच्या दुकानातून मनोरा दिसतो ना?"

"समोरच आहे की."

"मग जरा बाहेर डोकं काढून बघा. आत्ता. खाली दार आहे का सांगा."

फोनमध्ये थोडा वेळ नुसती गर्दी ऐकू आली. मग दलाल हसला. "बाई, इथून गर्दीशिवाय काही दिसत नाही. आणि दिसून काय करू? लोक मनोरा बघून मनोरा घेत नाहीत. शेजाऱ्याच्या घरी जसा असतो तसा घेतात. जुना पाठवा. लवकर."

फोन बंद झाला. कुणी ताटाला हात लावला नाही. दादा जिंकला होता. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्याला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. अण्णांकडं न बघता तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं चालणार नाही असं. अट तुम्हीच घातलीत."

"हो," अण्णा म्हणाले. "मीच."

"टेबलाचं राहू दे सध्या. पण जुना नमुना लागेल. साचे तर तुम्ही कापून टाकलेत. तो खालचा मजला कापून काढा, म्हणजे पहिल्यासारखा होईल."

"मी नाही कापणार."

"अण्णा, पेट्या अडल्यात."

"मग काप. टेबल आता तुझंच आहे." अण्णा उठले. खाली गेलेच नाहीत. खोलीत गेले आणि कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले.

दादानं ताईकडं बघितलं. ताई म्हणाली, "माझ्याकडं बघू नकोस." त्यानं वहिनीकडं बघितलं नाही, तेवढी अक्कल होती. माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मी ओततो. कापणं माझं काम नव्हे." या वेळी मी कथलाच्या बाजूनं बोललो नाही बरं का.

मग तुमचे सासरे स्वतः गेले. धुतलेल्या शर्टाच्या बाह्या वर करून त्या टेबलाशी बसले, जन्मात पहिल्यांदा. नमुना शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळला, तोही वाकडा. आणि करवत लावली. आम्ही तिघं भट्टीपाशी उभे राहून ऐकत होतो. अस्वल गेलं, कमानी गेल्या, दार गेलं. ताई अर्ध्यातच वर निघून गेली. वहिनी शेवटपर्यंत उभी राहिली. कापून झालं तेव्हा दादाच्या बोटातून रक्त येत होतं आणि नमुना टेबलावर उभा केला तर तो आधीपेक्षा जास्तच कलला. काप तिरका गेला होता. दादानं तो हातानं दाबून बघितला, दोन्ही हातांनी, टेकू दिल्यासारखा. सरळ राहिला नाही.

"चालेल," दादा म्हणाला.

आणि चालला, जावईबापू! तोच चालतोय अजून. खालचा मजला नाही, दार नाही, कलायला मूळ मनोऱ्याच्या दुप्पट कलतो, आणि त्याच्या पायथ्याशी हातोहात खपतो. खरा समोर उभा, हा मुठीत, आणि एकाचीही मान वर होत नाही. मनोऱ्याची बिचाऱ्याची चूक एवढीच की तो जागेवर आहे.

टेबल गेलं. तिथं आता ते काचेचं कपाट आहे, येताना बघितलंत ते. ताई जिन्याखाली बसून साचे कापते, दिव्याच्या उजेडात. वहिनी अजून खाली येते, पण स्टूल घेऊन ताईशेजारी बसते, दादाशी जेवढ्यास तेवढं. अण्णा वरच असतात. कुणी विचारलं तर म्हणतात, बरं आहे, आराम आहे. नखं वाढवलीत त्यांनी. कापू देत नाहीत.

परत आलेला माल दादानं वितळवायला सांगितला. मी वितळवला. जड हातानं, पण वितळवला. एक सोडून. हा बघा. हातात घ्या, घाबरू नका. दार दिसलं? आतला अंधार बघा, बोटानं चाचपून बघा, ते अस्वल आहे.

तुमची बायको सांगत होती, पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघं तिकडंच निघालात. नव्या नवरानवरीनं कुठं जावं हे सांगणारा मी कोण. फक्त एक काम करा माझं. हा बॅगेत टाका, कपड्यांत गुंडाळून. तिथं पायथ्याशी दुकानं असतील, आमचे वाकडे मनोरे रांगेनं मांडलेले असतील. दुकानदाराची नजर चुकवून हा त्यांच्यात ठेवा, पुढच्या रांगेत, दार बाहेर करून. आणि थोडं बाजूला उभे राहून बघा, कुणी उचलतंय का. कुणी उचललाच, तर आल्या आल्या वर जाऊन अण्णांना सांगा. आणि नाही उचलला, तरी उचलला म्हणून सांगा.